इराणमार्गे भाट्ये

भाट्याच्या खाडीपलीकडे खारव्यांची वीस-बावीस घरांची वाडी आहे. तिथे महिपत नावाचा माणूस एकच. तरी त्याला नुसतं महिपत कोणी म्हणत नाही. म्हणतात इराणी महिपत. नवखा पाहुणा हे नाव ऐकून गोरापान, गल्ल्यावर बसलेला कोणी चहावाला डोळ्यांपुढे आणतो. समोर येतो तो सुक्या बोंबलासारखा काटकुळा, काळा माणूस. दोन पायांत अंतर ठेवून, जमीन आत्ता डुलेल की मग डुलेल अशा बेताने तो चालतो आणि हाताशी दोरीचा तुकडा असेल तर बोलता बोलता त्याला गाठी मारत बसतो.

बुशायर बंदरातून मुंबईला आगबोटीने यायला आठ-नऊ दिवस लागतात. महिपतला बुशायरहून भाट्याला यायला अडीच महिने लागले, आणि तेही घाई करून.

याला कारण त्याची आवस, म्हणजे आई, राही.

महिपतचा बापूस शिवा हा वाडीतला मानाचा माणूस. मान एकच, पण मोठा: नारळी पुनवेला दर्याला पहिला नारळ शिवाच्या घरातल्या पुरुषाने सोडायचा, मग बाकीच्यांनी. हा मान कधीपासून चालत आला हे कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे तो फार जुना आहे याबद्दल वाडीचं एकमत आहे. त्यातली मेख एवढीच की त्या दिवशी घरचा पुरुष काठावर नसेल, तर मान शेजारच्या घरी, म्हणजे शिवाच्या भावाकडे जायचा. आणि एकदा गेलेला मान परत येत नाही.

पावसाळ्यात दर्या बंद असतो. नारळ सोडल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही हे तान्ह्या पोरालाही कळतं. शिवाला ते एका वर्षी कळेनासं झालं. पुनवेला आठ दिवस असताना आभाळ निवळलं, पाणी तेलासारखं दिसायला लागलं, आणि शिवा एकटाच होडी घेऊन पापलेटांमागे गेला. होडी तिसऱ्या दिवशी पूर्णगडाकडे लागली. शिवा लागला नाही.

पुनवेला वाडी गप्प बसून होती. मान आता भावाच्या घरी जाणार, असं सगळ्यांनी मनात धरलं होतं. तेव्हा राहीने आपल्या बारा वर्षांच्या महिपतच्या हातात नारळ दिला आणि ज्या दर्याने बाप नेला त्यालाच तो सोडायला लावला. घरी आल्यावर त्याचा हात देवाच्या समईवर धरून ती म्हणाली, "नारळ सोडायच्या आधी पाण्यावर जायचं नाय. कसल्या पाण्यावर नाय, कसल्या कारणानं नाय. बोल."

महिपत बोलला. आणि बोलला तो बोललाच.

आता पंचाईत अशी, की वाडी आणि रत्नागिरीचा बाजार यांच्यामध्ये खाडी. इतर माणसं तरीत, म्हणजे उतारूंच्या होडीत, बसून पान चघळेपर्यंत पलीकडे जात. महिपत पाऊस लागला की तरीला शिवतही नसे. बाजारहाट असेल तर खाडीच्या कडेकडेने आत कोसभर नव्हे, कितीतरी कोस चालत जायचा, नदी उथळ असेल तिथे ओलांडायचा आणि पलीकडच्या काठाने पुन्हा खाली यायचा. सकाळी मीठ आणायला गेलेला माणूस दिवेलागणीला परत.

तरीवाला रावजी त्याला पाहून हाक द्यायचा, "काय महिपतशेट, मीठ आणायला? येताना काशीस जाऊन या, वाटेवरच हाय."

"येतो की," महिपत म्हणायचा. "तुझ्या नावानं एक डुबकी मारतो."

पुढे महिपत फतेमारीवर, म्हणजे मालाच्या शिडाच्या जहाजावर, खलाशी झाला. फतेमाऱ्या पाऊस सरल्यावर निघायच्या आणि पाऊस लागायच्या आत परतायच्या, त्यामुळे शब्दाला बाध येत नसे. तेरा-चौदा वर्षं हे बिनबोभाट चाललं. एकोणीसशे अठ्ठावीसच्या फाल्गुनात मंगळुरी कौलं भरून त्याची फतेमारी बुशायरला गेली आणि तिथे त्याला असा काही ताप चढला, की तांडेलाने दोन आठवडे वाट पाहिली, तिसऱ्या आठवड्यात आभाळाकडे पाहिलं, आणि त्याला एका खोजा व्यापाऱ्याच्या वखारीत ठेवून शीड चढवलं. त्याचंही चुकलं नाही. पाऊस कोणाच्या तापासाठी थांबत नाही.

महिपत पायावर उभा राहिला तेव्हा ज्येष्ठाची पुनव होऊन गेली होती. भिंतीला धरून तो आगबोटीच्या कचेरीत गेला. तिथे गोव्याकडचा एक कारकून होता.

"तुझं नशीब चांगलं," कारकून म्हणाला. "परवा बोट आहे. नवव्या दिवशी मुंबई."

"नारळी पुनवेच्या आधी पाण्यावर जायचं नाय."

"मग पुनवेनंतर जा."

"पुनवेला घरी पोचाय हवं."

कारकुनाने टाक खाली ठेवला. "म्हणजे पुनवेला पोचायचं, पण पुनवेच्या आधी निघायचं नाही?"

"निघायचं. पाण्यावरनं नाय."

कारकून उठला आणि भिंतीवरच्या नकाशापाशी गेला. त्याने एक बोट बुशायरवर ठेवलं आणि दुसरं बरंच लांब. "इथे आपण. इथे, बलुचिस्तानच्या तोंडाशी दुजदाप. तिथून आपली आगगाडी. मधे काही नाही."

"काय नाय म्हंजे?"

"म्हणजे नुसती जमीन."

"मग बरंच हाय की," महिपत म्हणाला.

जमिनीबद्दल खलाशाला फारशी माहिती नसते, हा त्यातला फायदा. शहाण्या माणसाने नकाशा पाहूनच अंथरूण धरलं असतं. महिपतने मात्र हिशेब केला: आणखी एक पुनव आषाढाची, तिच्या पुढची श्रावणाची. श्रावणाची उगवायच्या आत भाट्याला पाय लावायचा. नाही लागला, तर नारळ चुलतभाऊ धोंडू सोडणार. धोंडू वाईट माणूस नव्हता. पण राहीकडे शिवाच्या नावाचं एवढंच उरलं होतं, आणि ते धोंडूच्या पडवीत गेलेलं तिला बघावं लागलं असतं.

बंदराबाहेर खेचरांचा एक तांडा शिराजवरून किरमाणला निघायच्या तयारीत होता. त्याचा म्होरक्या कुर्बानअली, दाढी मेंदीने लाल केलेला म्हातारा, एका खेचरावर पेटारा बांधत होता आणि पेटारा दर वेळी पोटाखाली घसरत होता. महिपत थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने म्हाताऱ्याच्या हातातून दोर घेतला आणि डोलकाठीला शीड बांधतात तसा पेटारा बांधून दिला. कुर्बानअलीने पेटारा हलवून पाहिला. मग खेचर हलवून पाहिलं. मग उरलेल्या चाळीस खेचरांकडे हात केला.

अशा रीतीने महिपत इराणातून गेला तो दोराच्या बळावर. चढायला दोर वापरणारे बरेच असतात. यानं नुसत्या गाठी मारून देश ओलांडला.

आधी खजुरांची रानं लागली, मग भिंतीसारखे उभे डोंगर. त्यांवरून वाट अशी चढे, की पुढच्या खेचराचे खूर मागच्या माणसाच्या टोपीवर. वर ओकाची झाडं आणि अंग कापेल असा वारा. उतरलं की खाली जर्दाळूच्या बागा, पाटाचं झुळझुळ पाणी आणि उंच सडपातळ पांढरी झाडं. महिपतला दर दोन दिवसांनी वाटे, आता देश संपला. कुर्बानअली हसून पुढच्या डोंगराकडे बोट करी. त्या दोघांत पंचवीस शब्द सामाईक होते. त्यांतले दहा खाण्याचे होते आणि पाच शिव्या होत्या. एवढ्यात त्यांचं उत्तम भागलं.

शिराज सोडल्यावर आषाढाच्या पुनवेला तांडा एका विस्तीर्ण माळावर उतरला. माळाच्या टोकाला डोंगराच्या पायथ्याशी दगडी चौथरा, आणि चौथऱ्यावर नुसते खांब. छप्पर नाही, भिंती नाहीत. दहा-बारा उंच खांब आभाळात शिरलेले.

"तख्ते जमशीद," कुर्बानअली म्हणाला. "शाह. खूप जुना. मेला."

महिपतला ते राजवाड्यासारखं दिसलंच नाही. त्याला दिसलं बंदर. पाणी निघून गेलंय, गलबतं गाळात रुतून मोडलीत आणि डोलकाठ्या तेवढ्या उभ्या राहिल्यात. अशी ओहोटी लागली, की भरती परत आलीच नाही. तो जिन्याने वर गेला. जिन्याच्या भिंतीवर माणसं कोरलेली होती, एकामागे एक. कोणाच्या हातात भांडं, कोणाच्या बांगड्या, कोणी मेंढा ओढत आणलेला, कोणी उंट. राजाला नजराणे द्यायला देशोदेशीचे लोक निघालेत, असं त्याला कळलं. प्रत्येक टोळीतल्या पहिल्या माणसाचा हात राजाच्या चाकराने धरलेला, चला, आता तुमची पाळी, असं सांगत.

बाकीचे लोक खांब बघत होते. महिपत रांगेत पहिला कोण ते बघत होता. त्याने रांगेची सुरुवात शोधून काढली, तिथल्या माणसासमोर बसला आणि खूप वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. राजा गेला, वाडा गेला. हा मात्र आपल्या पाळीला हजर. खाली उतरून त्याने कमरेच्या दोरीला पुनवेची गाठ मारली आणि त्या दिवसापासून तांड्याला घाई करायला लागला.

किरमाणपर्यंत पोचायला तीन आठवडे गेले. जमीन आता मिठाने पांढरी झाली होती. मासे खारवायला घालतात तशी मैलोगणती पसरलेली. किरमाणला कुर्बानअलीचा प्रवास संपला. त्याने महिपतला एका शीख लॉरीवाल्याकडे नेलं, पेटारा बांधून दाखवायला लावला आणि त्याच्या गालाचे मुके घेऊन परत फिरला. हजारासिंगाच्या लॉरीचा माल दर खड्ड्याला सांडत असे. त्यालाही गाठीची किंमत लगेच कळली.

पण लॉरी म्हणजे खेचर नव्हे, ती आजारी पडते. बाम नावाच्या गावी तिचं काहीतरी तुटलं. गावाबाहेर मातीचं एक ओसाड शहर होतं. तट, बुरूज, बाजारपेठ, घरं, सगळं मातीचं आणि सगळं रिकामं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी महिपत त्या तटावर बसला होता, आणि पूर्वेकडून पुनवेचा चंद्र वर आला, भरलेल्या ताटासारखा.

श्रावणाची पुनव. म्हणजे आज. म्हणजे आत्ता भाट्याला भरती भरली असणार, आणि धोंडू पाण्यात कमरेपर्यंत उभा असणार.

हजारासिंग त्याला शोधत वर आला. "ओये, गाडी ठीक झाली. उठ."

"आता कशाला घाई," महिपत म्हणाला.

सगळं ऐकून हजारासिंग त्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मग एक चांगलं झालं. दर्या उघडला ना तुझा? कराचीहून जहाजाने जा. एवढी माती कशाला खातोस?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दुजदापला हजारासिंगाने त्याला ओळखीच्या गार्डाच्या स्वाधीन केलं. वाळूतून, बोगद्यांतून, क्वेट्याच्या डोंगरांतून महिपत कराचीला उतरला आणि मुंबईच्या एका आगबोटीवर त्याला खलाशाचं काम मिळालं. बोट दुपारी सुटणार होती. वळकटी खांद्यावर घेऊन त्याने धक्क्यावरून बोटीला लावलेल्या फळीवर उजवा पाय ठेवला.

वर कठड्याशी एक खलाशी दोर गुंडाळत होता. महिपतची चाल पाहून त्याने खाली हाक दिली, "कुठचा रे तू? आपल्याकडचा दिसतोस."

"भाट्याचा."

"मी काशीराम. गुहागरचा. ये वर, नारळी पुनव बोटीवरच करू."

महिपतचा डावा पाय जमिनीवरच राहिला. "पुनव झाली न्हवं?"

"झाली ती अधिकाची. यंदा दोन श्रावण. पाडव्याला पंचांग ऐकलं नाहीस काय?"

पाडव्याला महिपत बुशायरच्या वखारीत तापाने बरळत होता. बुशायरमध्ये पंचांग सांगणारा कोणी भट नव्हता. भाट्यात मात्र भट दर पाडव्याला देवळात बसून वर्ष वाचून दाखवतो, आणि राहीपासून रावजीपर्यंत सगळी वाडी यंदा पुनव महिनाभर लांब आहे हे चैत्रापासून जाणून होती.

महिपतने उजवा पाय फळीवरून अलगद मागे घेतला, निखाऱ्यावरून घ्यावा तसा.

"काय झालं रे?" काशीरामने विचारलं.

"गाडीनं जातो."

"मुंबईस? गाडीनं? सिंधात पाणी भरलंय, मेल्या, चार ठिकाणी रूळ वाहून गेलेत."

"थांबत थांबत जातो," महिपत म्हणाला, आणि हातातलं चांदीचं कडं विकायला बाजाराकडे वळला. काशीराम कितीतरी वेळ कठड्याशी उभा राहून त्याच्या पाठीकडे बघत होता.

गाडी खरोखरच थांबत थांबत गेली. एका ठिकाणी ती चार दिवस पाण्यात उभी होती आणि भोवती सगळीकडे पाणी असताना महिपत डब्यात बसून होता, कारण डबा रुळावर होता आणि रूळ जमिनीवर. मग मारवाडची वाळू, गुजराथची हिरवी शेतं, मुंबई, पुणे, मिरज, कोल्हापूर. कोल्हापूरहून सुटलेली सर्व्हिस मोटार आंबा घाटात दरडीपुढे उभी राहिली. उतारू शिव्या देत परत फिरले. महिपत दरड चढून पलीकडे उतरला आणि चालू लागला. इराणात कोटल म्हणतात ते उभे घाट पाहिलेल्या माणसाला आंबा घाट म्हणजे घरचा उंबरठा.

पुनवेच्या दिवशी चार वाजता तो रत्नागिरीच्या बाजूने खाडीच्या काठावर येऊन उभा राहिला.

पलीकडे त्याची वाडी होती. ढोल ऐकू येत होते. माणसं देवळाकडून काठाला उतरत होती. सगळ्यांच्या पुढे पांढरं धोतर, फेटा आणि सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेतलेला एक माणूस. चालीवरून ओळखू येत होता. धोंडू. त्याच्या मागे अंगभर पदर घेतलेली एक म्हातारी. तीही चालीवरून ओळखू आली.

अलीकडे काठाला रावजीची तर लागली होती. रावजीने महिपतला पाहिलं आणि त्याच्या तोंडातलं पान तसंच राहिलं.

"म्हैपा? अरे, लोक म्हणत होते तू..." तो थांबला. "आवस तुझी रोज देवळात बसते. बस, बस आत. अजून भरती हाय. दहा मिनटांत नेतो."

"नारळ सुटला नाय."

रावजीने कपाळावर हात मारला. "नुसतं तरीत बसायचं रे. एवढंसं पाणी. इराणास्नं आलास आणि इथं अडतोस?"

"इथं अडायचं नसतं तर इराणास्नं कशाला आलो असतो?"

रावजीने खाडीच्या वरच्या अंगाला पाहिलं. नदीला पूर होता. वळसा घालून जायचं तर उद्या दुपार. पलीकडे ढोल थांबले. भरती भरत आली होती. पाणी फिरायच्या घटकेला नारळ सोडायचा, म्हणजे ओहोटी तो बाहेर दर्यात नेते. त्या घटकेला फार वेळ नव्हता.

महिपतची नजर तरीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, गेली. तिथे हळदकुंकू लावलेला एक नारळ ठेवला होता.

"तो कुणाचा?"

"माझा. तरीसाठी ठेवलाय, दर साल ठेवतो." रावजीला समजायला क्षणभर लागला. "अरे, पण मान त्या काठाला असतो."

"पाणी कुठल्या काठाचं हाय?"

रावजीने नारळ काढून त्याच्या हातात दिला.

महिपत पाण्यात शिरला. आधी घोटे, मग गुडघे, मग कमर. मातीने माखलेला, दाढी वाढलेला, ज्याच्या अंगरख्याला तीन देशांची ठिगळं होती असा तो माणूस नारळ दोन्ही हातांत धरून उभा राहिला, त्या दगडी जिन्यावरच्या माणसासारखा. ओरडला नाही. वारा उलटा होता, ऐकू गेलं नसतं.

पलीकडे धोंडूही कमरेपर्यंत आला होता. त्याने नारळ कपाळाला लावला आणि समोर पाहिलं. तो थबकला. त्याने मान वळवून काठावरच्या म्हातारीकडे पाहिलं. ती पदराआडून हात पुढे करून खाडीपलीकडे बघत होती. धोंडूने आपला नारळ छातीशी धरला आणि तसाच थांबला.

महिपतने नारळ पाण्यावर ठेवला आणि सोडला. तो जागच्या जागी एकदा फिरला, मग हळूहळू तोंडाच्या दिशेने निघाला. तो मध्यावर गेल्यावर धोंडूने आपला सोडला. मग ढोल वाजले.

दर्या उघडला. महिपत बाहेर आला आणि तरीत बसला. यापुढचं रावजी दर साल नव्याने सांगतो: चौदा वर्षं फतेमारीवर वावरलेला खलाशी, अडीच महिने जमिनीची सवय झालेला, खाडीच्या मध्यावर तरीच्या कडेला वाकून भडाभडा ओकला.

पलीकडे धोंडूने पाण्यात येऊन त्याचा हात धरला आणि त्याला काठावर नेलं. "मेल्या," धोंडू म्हणाला, "मी नवा फेटा घेतला होता."

"बांधून ठेव. शिमग्याला व्हईल."

वाडीत नंतर पंधरा दिवस वाद झाला, पलीकडच्या काठावरून सोडलेला नारळ वाडीचा धरायचा की नाही. शेवटी धोंडूनेच सांगितलं, की दोन्ही नारळ बाहेर जाताना आपण पाहिले आणि म्हैपाचा पुढे होता. ज्याचं जायचं त्यानेच सांगितल्यावर वाद मिटला.

पुनवेच्या त्या संध्याकाळी राहीने पाय धुवायला ऊन पाणी दिलं, पान वाढलं, नारळीभात वाढला. महिपत घास उचलणार तेव्हा म्हणाली, "आधी नारळ, मग तर?"

"आधी नारळ, मग तर."

"बरं. जेव."

महिपत जेवेना. भाताला बोट लावून बसला. मग त्याने कराचीची गोष्ट सांगितली. फळीची, उजव्या पायाची. राहीने तुपाची वाटी खाली ठेवली.

"पाय फळीवर ठेवलास की बोटीवर?"

"फळीवर."

"फळीचं दुसरं टोक?"

"बोटीवर."

राहीने समईची वात सारखी केली. मग भातावर तूप वाढत म्हणाली, "पुढल्या सालापास्नं दोन सोड."

आता सहा-सात वर्षं झाली. रत्नागिरीच्या शाळेतले एक मास्तर मध्यंतरी इराणातल्या प्राचीन अवशेषांची माहिती घ्यायला मुद्दाम वाडीत आले होते. महिपतने त्यांना तख्ते जमशीदबद्दल एवढंच सांगितलं, की डोलकाठ्या चांगल्या होत्या, पण दोर सगळे कुजलेले. मास्तरांनी वहीत काय लिहिलं कोण जाणे.

पुनवेला मात्र महिपत अजूनही सगळ्यांत आधी पाण्यात उतरतो. पहिला नारळ सोडतो तो मानाचा. मग काठावरून धोंडू त्याच्या हातात दुसरा देतो, साधा, सोनेरी कागद न लावलेला. नवीन सून किंवा पाहुणा विचारतोच, हा कशाला?

"तो पायाचा," धोंडू सांगतो.